ग्रीन्स्टेड येथील लांकडी चर्च : कालनिर्णयाच्या साधनांचें परीक्षण

इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत, लंडनच्या ईशान्येस, चिपिंग आँगर म्हणून एक लहानसें बाजाराचें गांव आहे. त्याच्या पश्चिमेस सुमारें एक मैलावर ग्रीन्स्टेड हें खेडें लागतें व त्या खेड्यांत सेंट अँड्र्यू या संताच्या नांवानें एक चर्च उभें आहे. त्याचा जुना मंडप इतका लहान आहे कीं, आपल्याकडील एखाद्या बऱ्यापैकीं वाड्याच्या ओसरींत तो सहज मावावा. तथापि या मंडपाच्या भिंती दगडाच्या नाहींत, विटांच्याही नाहींत. त्या उभ्या केलेल्या ओकच्या ओंडक्यांच्या आहेत. या ओंडक्यांचें वय किती, या एका प्रश्नावर अडीचशें वर्षांहून अधिक काळ लेखणी झिजत आली आहे.

'जगांतील सर्वांत जुनें लांकडी चर्च' अशी याची कीर्ति सांगितली जाते. या कीर्तीच्या मुळाशीं कोणतीं प्रमाणें आहेत, तीं परस्परांशीं कितपत जुळतात, आणि तपासणीअंतीं त्यांतलें काय उरतें, एवढेंच पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. वास्तु परदेशची असली तरी प्रश्न परका नाहीं. लोककथा, मठाचें दप्तर आणि प्रत्यक्ष वस्तु या तीन साक्षीदारांची उलटतपासणी कशी करावी, हा तो प्रश्न होय. आणि ज्यांच्या घरीं जुन्या पोथ्यांचे गठ्ठे आहेत त्यांस तो रोज भेटतो.

आरंभीं एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. हें चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजसंमत पंथाचें, म्हणून ओळखलें जातें व आज तें तसें आहेही. परंतु मंडप उभा राहिला तेव्हां तो पंथ जन्मला नव्हता. आठव्या हेन्रीनें १५३४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें पोपचा अधिकार झुगारून धर्मसंस्थेचें प्रमुखपद आपल्याकडे घेतलें. तत्पूर्वीं चारशें वर्षांहून अधिक काळ या ओंडक्यांच्या आंत रोमच्या रीतीनें, लॅटिन भाषेंत, उपासना चालली होती. संस्थेचें वय व वास्तूचें वय या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें वाचकांनीं येथेंच ध्यानांत घ्यावें, कारण पुढील साऱ्या घोटाळ्याचें बीज असल्याच सरमिसळींत आहे.

आतां प्रत्यक्ष वास्तूकडे वळूं. भाविक ज्या भागांत बसतात त्यास तिकडे नेव्ह म्हणतात. आम्ही त्यास मंडप म्हणूं. हा मंडप सुमारें तीस फूट लांब व चौदा फूट रुंद आहे. ओकचे ओंडके उभे चिरून, गोल बाजू बाहेर व सपाट बाजू आंत येईल अशा रीतीनें ते एकमेकांस खेटून उभे केले आहेत. आंतील बाजू वाकसानें तासून सारखी केली आहे. बाहेरून मात्र झाडाचा घेर जसाच्या तसा दिसतो. अशीं एकूण ५१ लांकडें मोजलीं जातात. दोन ओंडक्यांमधून वारा व पाऊस आंत येऊं नये म्हणून प्रत्येकाच्या कडेला उभी खांच पाडून त्या खांचांत लांकडाची पातळ पट्टी बसविली आहे. वरचें टोंक पातळ करून तें आडव्या तुळईंत घातलें आहे व लांकडी खुंट्यांनीं जखडलें आहे. भिंतीची उंची अवघी साडेपांच फूट. एवढ्या बुटक्या व सलग लांकडाच्या भिंतींत खिडक्या ठेवण्यास जागा नाहीं, म्हणून उजेड येतो तो छपरांतून डोकावणाऱ्या खिडक्यांतून. आणि त्या खिडक्या मूळच्या नव्हेत, पुष्कळ पुढील काळच्या आहेत. मूळ मंडपांत काळोखच असला पाहिजे. एसेक्समध्यें बांधकामाचा चांगला दगड मिळत नाहीं; रानें मात्र पूर्वीं विपुल होतीं. तेव्हां ही बांधणी हौसेची नसून त्या मुलुखाच्या गरजेची आहे. तिच्यांत नक्षी नाहीं, शिल्प नाहीं, परंतु सुताराचा हिशेब चोख आहे, आणि आमच्या मतें तेंच तिचें सौंदर्य होय.

लेखी प्रमाण आहे तें असें. पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड यास इ. स. ८६९ मध्यें डेन लोकांनीं ठार मारलें. पुढें तो संत म्हणून पूजिला जाऊं लागला व त्याचा देह ज्या स्थळीं ठेविला होता तें आज बरी सेंट एडमंड्स या नांवानें प्रसिद्ध आहे. १०१० च्या सुमारास डेन लोकांची धाड पुन्हा आली तेव्हां तो देह रक्षणासाठीं लंडनला नेण्यांत आला आणि १०१३ सालीं परत आणण्यांत आला. परतीच्या या वाटेवर आँगर येथें देहाचा मुक्काम पडला व त्याच्या स्मरणार्थ तेथें एक लांकडी प्रार्थनागृह अजून उभें आहे, अशा आशयाची नोंद बरीच्या मठाच्या दप्तरांत आहे. लांकडी प्रार्थनागृह म्हणजे ग्रीन्स्टेडचेंच, असें जुन्या संशोधकांनीं धरून चालविलें व १०१३ हें या भिंतींचें साल म्हणून रूढ झालें.

या नोंदीची किंमत काय? प्रथमतः तींत ग्रीन्स्टेडचें नांवच नाहीं. नांव आहे तें आँगरचें. मैलभराचें अंतर फार नव्हे हें खरें. पण ज्या मुलुखांत दगड नाहीं त्या मुलुखांत लांकडी देवळें ही अपूर्वाईची वस्तु नसावी. आज एकच उरलें म्हणून तेव्हांही एकच होतें असें म्हणणें हा तर्क फसवा आहे. दुसरें असें कीं, नोंद ज्या मठाच्या दप्तरांतील आहे त्या मठाचें सारें वैभव याच संतावर उभें होतें. देहाच्या प्रवासांतील प्रत्येक मुक्काम पवित्र करून ठेवणें हें त्याच्या हिताचें होतें. यास्तव नोंद खोटी ठरत नाहीं, पण ती तटस्थ साक्षीदाराचीही ठरत नाहीं.

तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'अजून उभें आहे' हे शब्द १०१३ सालचे नव्हेत. ते लिहिणाऱ्याच्या काळचे आहेत. आपल्या स्थलमाहात्म्यांत 'अद्यापि दृश्यते' अशा शब्दांनीं एखादें कुंड किंवा पाउलाचा ठसा दाखविलेला असतो. त्यावरून माहात्म्य रचिलें गेलें तेव्हां तेथें कुंड होतें एवढेंच सिद्ध होतें. तें कुंड रामानें खणलें हें सिद्ध होत नाहीं. मठांतील लेखकाच्या काळीं आँगरच्या आसपास एक जुनाट लांकडी प्रार्थनागृह होतें, लोक त्याचा संबंध एडमंडाशीं लावीत होते, यापलीकडे ही नोंद आपणांस नेत नाहीं.

या नोंदीवरून चालविलेल्या युक्तिवादाचा सांगाडा उघडा केला तर तो असा दिसतो : नोंदींतील प्रार्थनागृह ग्रीन्स्टेडचेंच, कां कीं तेथें तितकें जुनें लांकडी चर्च आहे, आणि ग्रीन्स्टेडचें चर्च तितकें जुनें, कां कीं नोंदींत त्याचा उल्लेख आहे. नैयायिक यास अन्योन्याश्रय म्हणतात. दोन लंगडे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत. दोघांपैकीं एकाचाही पाय जमिनीवर पक्का नाहीं.

मग १९६० सालीं लांकडानेंच साक्ष द्यावी असा प्रयत्न झाला. झाड दरवर्षीं एक वलय वाढतें. पावसाळी वर्षीं तें रुंद, कोरड्या वर्षीं अरुंद. यामुळें वलयांचा क्रम हा एक प्रकारचा लेखच होतो. ज्या लांकडाचें साल ठाऊक आहे त्याच्या वलयांशीं अज्ञात लांकडाचीं वलयें जुळवून काळ काढितात. या रीतीनें ग्रीन्स्टेडच्या ओंडक्यांचें साल ८४५ निघालें असें जाहीर झालें व चर्चचें वय एकदम पावणेदोनशें वर्षांनीं वाढलें.

येथें एक चमत्कार झाला, त्याकडे कोणी फारसें लक्ष दिलेलें दिसत नाहीं. एडमंड मेला ८६९ मध्यें. ओंडके ८४५ चे असतील तर हें चर्च त्याच्या मृत्यूपूर्वीं चोवीस वर्षें, तो कदाचित् बालक असतां, बांधलें गेलें. तें त्याच्या स्मरणार्थ उभारलेलें असूंच शकत नाहीं. म्हणजे नवें प्रमाण जुन्या कथेस पोषक नव्हतें, मारक होतें. तरीही दोन्ही एका दमांत सांगितलीं जाऊं लागलीं : चर्च ८४५ चें, आणि १०१३ सालीं उभारलेलें एडमंडाचें स्मारकही हेंच. साल जितकें मागें जाईल तितकें सर्वांनाच गोड लागतें, आणि गोड वस्तूचा कडू अर्थ काढण्याची कोणास घाई नसते. घराण्याच्या वंशावळी पाहिलेल्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको.

१९९५ मध्यें लांकडांची पुन्हा तपासणी झाली. १९६० च्या वेळीं इंग्लंडांतील ओकच्या वलयांची इतक्या मागपर्यंत पोंचणारी भरंवशाची अखंड मालिका तयार नव्हती; पुढील पिढींत ती तयार झाली होती. या तपासणींत गाभ्याचें शेवटचें वलय १०५३ सालचें ठरलें. मात्र गाभ्याबाहेर सालीलगत जो कोवळ्या लांकडाचा थर असतो त्याचीं वलयें हिशेबांत धरावीं लागतात. इंग्लंडच्या ओकमध्यें तीं सामान्यतः दहापासून पंचावन्नपर्यंत असतात. तेवढीं वर्षें मिळविलीं म्हणजे झाड तोडलें गेलें तें १०६३ व ११०८ यांच्या दरम्यान केव्हां तरी, असा निर्णय येतो.

या निर्णयाचा गुण असा कीं, तो एक साल सांगत नाहीं. ८४५ हा आंकडा नाण्यासारखा खणखणीत वाजत होता. १०६३ ते ११०८ हें उत्तर ऐकण्यास बेताचें आहे. परंतु प्रमाणाची जेवढी ताकद तेवढेंच तें बोलतें, आणि यास्तव आम्ही त्यास अधिक मान देतों. त्यांतून निघणारा एक परिणामही पाहण्यासारखा आहे. विल्यम दि नॉर्मननें इंग्लंड जिंकलें १०६६ मध्यें. या पंचेचाळीस वर्षांतील पहिलीं तीनच वर्षें त्या विजयापूर्वींचीं आहेत. चर्चला 'सॅक्सन' म्हणण्याचा परिपाठ आहे. पण राज्य सॅक्सनांचें असतां तें बांधलें गेलें असें आतां छातीठोकपणें म्हणवत नाहीं. फार तर कारागिरी सॅक्सन वळणाची म्हणावी. राजे बदलल्याच्या दुसऱ्या दिवशीं सुतार आपली वाकस टाकून नवी घेत नाहीं.

मग एडमंडाच्या मुक्कामाची कथा टाकून द्यावयाची काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. १९६० च्याच सुमारास चर्चच्या पूर्वेकडील वेदीच्या भागांत, ज्यास चॅन्सेल म्हणतात, जमिनीखालीं उत्खनन झालें. तेथें आजच्या बांधणीपूर्वींच्या दोन लांकडी बांधण्यांच्या खुणा आढळल्या व त्या सहाव्या-सातव्या शतकांतील असाव्या असें मत मांडण्यांत आलें. त्या शतकांबद्दल वाद होऊं शकेल. पण आजच्या भिंतींपूर्वीं त्याच जागेवर दुसरें कांहीं तरी उभें होतें हें बलवत्तर आहे. तेव्हां १०१३ मध्यें देह या स्थळीं विसावला असणें शक्य आहे. अशक्य आहे तें एवढेंच कीं, त्या रात्रीं हे ओंडके तेथें भिंत म्हणून उभे होते. ते तेव्हां रानांत झाडांच्या रूपानें वाढत होते. मठाच्या लेखकानें पाहिलेलें 'अजून उभें' असलेलें प्रार्थनागृह जर ग्रीन्स्टेडचें असेल, तर त्यानें नवी वास्तु पाहिली व तिला जुन्या घटनेची साक्षीदार मानिलें. स्थळ खरें, वास्तु निराळी : असा हा समेट आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें आज एवढाच समेट शक्य आहे.

'जगांतील सर्वांत जुनें' या पदवीविषयीं थोडक्यांत. नॉर्वेंतील अर्नेस, बॉर्गुंड इत्यादि प्रसिद्ध लांकडी चर्चें बाराव्या शतकांतील आहेत. तेव्हां उभ्या असलेल्या चर्चांपुरतें ग्रीन्स्टेडचें ज्येष्ठत्व बहुधा टिकेल. लांकडी वास्तु एवढाच निकष घेतला तर मात्र जपानांतील होर्युजी येथील बौद्ध मंदिरें त्याहून कित्येक शतकांनीं जुनीं आहेत. आणि कार्ल्याच्या चैत्यांत छताला लावलेल्या लांकडी कमानी, त्या स्वतंत्र वास्तु नसून अंगभूत भाग असल्या तरी, सुमारें दोन हजार वर्षें तेथें आहेत.

आतां एका नाजूक गोष्टीकडे येऊं. १८४८-४९ मध्यें, रेव्हरंड फिलिप रे हे धर्मोपदेशक असतां, चर्चचा मोठा जीर्णोद्धार झाला. ओंडक्यांचीं खालचीं टोंकें ओलीनें कुजलीं होतीं. तीं कापून टाकण्यांत आलीं आणि उरलेले ओंडके विटांच्या जोत्यावर बसविलेल्या नव्या तुळईवर उभे करण्यांत आले. छप्परही नवें झालें. चर्च वांचलें, हें श्रेय रे यांस दिलेंच पाहिजे. पुढें त्यांनीं चर्चचा इतिहासही लिहिला. परंतु लांकडी बांधणीच्या अभ्यासकास सर्वांत मोठा प्रश्न असतो तो खालच्या टोंकाचा. ओंडके थेट जमिनींत पुरले होते, कीं आरंभापासूनच आडव्या तुळईवर उभे होते? उत्तर युरोपांतील लांकडी चर्चांच्या दोन भिन्न पद्धति याच भेदावर ठरतात. जीर्णोद्धारापूर्वींच्या वर्णनांत ओंडके तुळईंत बसविल्याचें सांगितलें आहे. पण ती तुळई मूळची कीं मागाहून घातलेली, हें ज्या टोंकांवर वाचतां आलें असतें तीं टोंकेंच आतां नाहींत.

पोथीचें शेवटचें पान वाळवीनें खाल्लें म्हणून फाडून टाकावें व उरलेली पोथी सुबक बांधून घ्यावी, तशांतला हा प्रकार झाला. लेखकाचें नांव, शक, गांव, सारें त्या पानावर असतें हें बांधणाऱ्यास ठाऊक नसतें. रे यांस दोष देतांना त्या काळीं कोणीच याहून निराळें केलें नसतें हें आम्ही विसरत नाहीं. परंतु कापलेल्या टोंकांपैकीं दोन-चार, कुजकीं कां होईनात, जपून ठेवावीं, निदान कापण्यापूर्वीं मोजून चितारून घ्यावीं, एवढें अवधान त्या काळींही अशक्य नव्हतें. लंडनच्या प्राचीनवस्तु-संशोधक मंडळानें आपल्या 'वेटुस्टा मॉन्युमेंटा' या ग्रंथमालेंत अठराव्या शतकाच्या मध्यासच या चर्चचें चित्र कोरून छापिलें होतें. जीर्णोद्धारापूर्वींची स्थिति आज थोडीफार कळते ती असल्या चित्रांमुळें.

बाकीच्या भागांस फार वेळ नको. चॅन्सेल विटांचा असून ट्यूडर राजांच्या काळचा, म्हणजे इ. स. १५०० च्या आसपासचा आहे. त्याच्या पायथ्याशीं जुन्या चकमकीच्या दगडांचें काम दिसतें तें त्यापूर्वींच्या नॉर्मन बांधणीचें अवशेष मानितात. पश्चिमेचा मनोरा पांढऱ्या रंगाच्या लांकडी फळ्यांचा आहे. त्यांतील एका घंटेवर ती विल्यम लँड यानें १६१८ सालीं केल्याचा लेख असल्यामुळें मनोरा सतराव्या शतकांतील मानण्याकडे कल आहे. तो तसा असेलही; पण घंटेवरून मनोऱ्याचा काळ ठरविणें धोक्याचें. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील पोर्तुगीज घंटेवर १७२१ हें साल आहे आणि देऊळ १७४७ चें आहे. घंटा ही हलणारी वस्तु आहे. ती आपलें वय सांगते, यजमानाचें नव्हे.

उत्तरेच्या भिंतींतील एका लहानशा भोंकास 'कुष्ठरोग्यांची खिडकी' म्हणतात : रोग्यांनीं बाहेर उभें राहून तींतून उपासना पाहावी, अशी कथा. भोंक इतकें लहान व जुन्या दाराच्या इतकें जवळ आहे कीं, आंत येणाऱ्यांनीं बोटें बुडवावयाच्या तीर्थोदकाची तीं जागा असावी हें मत आम्हांस ग्राह्य वाटतें. करुण कथा नीरस खुलाशापेक्षां नेहमींच दीर्घायु असते. ही देखील जाईलसें दिसत नाहीं.

शेवटीं, या चर्चशीं निगडित असलेली व अस्सल कागदावर उभी असलेली एक घटना सांगितली पाहिजे, कारण यात्रेकरूंच्या बोलण्यांत ती एडमंडाच्या मागें पडते. डॉर्सेट परगण्यांतील टॉलपडल गांवच्या सहा शेतमजुरांस, मजुरी घटूं नये म्हणून त्यांनीं शपथेनें संघ केला या कारणावरून, १८३४ मध्यें सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियास पाठविण्यांत आलें. देशभर ओरड झाली व १८३६ मध्यें सरकारनें त्यांस माफी दिली. परत आल्यावर त्यांपैकीं बहुतेकांस लोकवर्गणींतून ग्रीन्स्टेड व शेजारचें हाय लेव्हर येथें शेतें खंडानें घेऊन देण्यांत आलीं. त्यांतील जेम्स ब्राइन याचा विवाह, त्याच शिक्षेंत त्याचा सोबती असलेल्या टॉमस स्टँडफील्ड याची मुलगी एलिझाबेथ हिच्याशीं, २० जून १८३९ रोजीं याच लांकडी मंडपांत झाला. ओंडक्यांचीं टोंकें तेव्हां अजून कापलीं गेलीं नव्हतीं. या विवाहाची नोंद गांवच्या विवाहवहींत त्याच वेळीं झाली. तींत 'अजून उभें आहे' असें कोणास लिहावें लागलें नाहीं. पुढें थोड्याच वर्षांत हीं कुटुंबें एसेक्स सोडून कॅनडास निघून गेलीं.